हॉटडिश म्हणालं कोणी तर

“आत भूतबंगल्यात कोणी कितीही बोंबललं तरी लक्ष देऊ नकोस,” मार्लिस म्हणाली. “वाचवा म्हणतील, मेलो म्हणतील, दार उघडा म्हणतील. सगळं खोटं. पण कोणी हॉटडिश म्हणालं, तर असशील तिथे थांबायचं आणि मला हाक मारायची. तेवढं एक खरं.”

मी “हो, हो” म्हणाले आणि सोडून दिलं. माझं लक्ष तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे होतं. बाहेर पडायच्या दारावरची लाल पाटी पेटलेली आहे का, आग विझवायचं नळकांडं कुठे टांगलंय, जमिनीवरून गेलेल्या वायरी नीट दाबल्यात का. कुठेही गेले की मी आधी हेच बघते. माझा नवरा जॅरेड मला ‘घरचा बंब’ म्हणतो. लेकीच्या, थियाच्या, घशात अडकू नयेत म्हणून मी अजून द्राक्षं उभी चिरते, आणि ती आता पाच वर्षांची आहे.

“ऐकलंस का, केल्सी?”

“ऐकलं. हॉटडिश.”

“हसू नकोस. ऑर्लिनच्या आर्डिसनं ठरवलेला शब्द आहे तो. एका वर्षी आपली ग्लेनिस इथल्या जिन्यावरून पडली, घोटा मोडला तिचा. चेटकीण झाली होती ती. ‘वाचवा, वाचवा’ करून बाईचा घसा बसला आणि येणारे-जाणारे टाळ्या वाजवून पुढे. एकानं तर तिच्या शेजारी बसून फोटो काढून घेतला. तेव्हा आर्डिस म्हणाली, इथे असा शब्द पाहिजे, जो नुसता घाबरून कोणाच्या तोंडून निघणारच नाही.”

तसा तो निघणार नाही हे खरंच. कीमा, मश्रूमचं डब्यातलं सूप, वर ओळीनं मांडलेले टॉट्स, म्हणजे बटाट्याचे कुरकुरीत गोळे, आणि ओव्हन. झाली हॉटडिश. आमच्या नॉर्डालमध्ये कोणाकडे मूल झालं, कोणाकडचं माणूस गेलं, की दुसऱ्या दिवशी ती दारात हजर असते. थिया झाली तेव्हा आम्ही महिनाभर तेच खात होतो. मिनेसोटात हवेची खात्री देता येत नाही, हिची देता येते.

थियानं आपला मक्याचा डबा मार्लिससमोरच्या खोक्यात ठेवला. आमच्या भूतबंगल्याचं तिकीट म्हणजे हे डबे. हिवाळ्यात ज्यांच्या घरी ओढाताण होते त्यांच्याकडे ते जातात. बंगला कसला, बंद पडलेली डेअरी आहे ती. ऑक्टोबर लागला की अग्निशमन दलाचे स्वयंसेवक तिथे काळं प्लास्टिक टांगतात, आणि शनिवारी संध्याकाळी अख्खं गाव रांगेत उभं राहतं. मार्लिस एरवी धान्यकोठीच्या ऑफिसात वजनकाट्यावर बसते. ऑक्टोबरभर ती भुतांची मुकादम असते. दुपारचा खेळ लहान पोरांचा. सगळे दिवे लावलेले असतात, भुतं हात हलवतात आणि चॉकलेटं वाटतात. म्हणून तर मी थियाला घेऊन आले होते.

उजेडातल्या भूतबंगल्याइतकं केविलवाणं काही नसेल. वटवाघळांना बांधलेली मासेमारीची दोरी दिसत होती. चेटकिणीचे केस म्हणजे फरशी पुसायचा मॉप होता. साखळी काढलेली करवत घेऊन आमच्या बँकेतला डेल “गुर्र” करत अंगावर आला आणि लगेच थियाला म्हणाला, “बूट छान आहेत गं.” पुढच्या खोलीत एका वाडग्यात माणसांचे डोळे होते, म्हणजे सोललेली द्राक्षं. अख्खी. मी वाडगं उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

“अगं बाई, डोळे आहेत ते,” रक्ताळलेला एप्रन घातलेली बाई म्हणाली. “कोण खातंय?”

“पाच वर्षांची पोरं काहीही खातात,” मी म्हणाले.

शेवटची खोली म्हणजे डेअरीची जुनी थंड खोली. भिंतींना पांढऱ्या फरशा, मधोमध शवपेटी. त्यात ऑर्लिन हाउगन.

ऑर्लिननी जन्मभर गावाचा बर्फ काढला. पहाटे त्यांच्या बर्फ लोटायच्या नांगरगाडीचा पिवळा दिवा खिडकीवरून गेला, की आज शाळा आहे हे सगळ्यांना कळायचं. उन्हाळ्यात पाण्याची मीटरं वाचायची, बागेतली बाकं रंगवायची. गावात त्यांच्या नावाची पाटी कशालाच नाही. पण जॅरेडपासून थियापर्यंत गावातलं प्रत्येक पोर त्यांना एकदा तरी घाबरलेलं आहे. तीस-एक वर्षं ते ऑक्टोबरात त्या पेटीत पडत आलेत. तोंडाला मैदा लावून, लग्नातला सूट घालून. माणसं जवळ आली की हळूहळू उठून बसायचं आणि एकच वाक्य म्हणायचं: “मला वाचवा.”

ते वाक्य गावभर झालं होतं. कॅफेचं दार उघडून ऑर्लिन आत आले, की टेबलावरची म्हातारी मंडळी ओरडायची, “वाचवा आले रे.” तेही हसायचे, कॉफी ओतून घ्यायचे.

पेटीमागच्या काळ्या पडद्याआड दुधाच्या कॅनवर उशी टाकून त्यांची बायको बसायची. आर्डिस. मला ती आठवते ती पडद्याखालून चॉकलेट पुढे करणारा हात म्हणून. मार्चमध्ये ती गेली. आमची हॉटडिशही गेली होती तेव्हा.

आम्ही पेटीपाशी उभ्या राहिलो. काहीच झालं नाही.

“झोपलेत,” थिया म्हणाली.

मागे आणखी माणसं येऊन थांबली. मी खाकरले. ऑर्लिननी डोळे उघडले, थोडा वेळ छताकडे बघत राहिले, मग दोन्ही कडा धरून उठून बसले.

“मला वाचवा,” ते म्हणाले. मागचे लोक हसले. त्यांनी थियाच्या हातात चॉकलेट दिलं, तिची मूठ आपल्या हातांनी मिटली. मग माझ्याकडे बघून, उद्या हवा कशी आहे विचारावं तशा आवाजात म्हणाले, “हॉटडिश.”

“भूक लागलीय का तुम्हाला?” मी विचारलं.

ते बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, “बरं आहे, पोरी. जा तुम्ही. मागे लोक खोळंबलेत.”

बाहेर आल्याबरोबर मी मार्लिसला सांगितलं. सांगताना मला थोडं हसूही येत होतं, पण सांगितलं. ती डब्यांचं खोकं तसंच टाकून आत पळाली. बऱ्याच वेळानं परत आली ती टोपी सरळ करत.

“काही नाही गं. तसं बरं आहे म्हणतो. आर्डिसच्या हातचं आठवत असेल, दुसरं काय. मी परवाच नेऊन दिली एक. आज आणखी एक टाकते.”

झालं, मिटलं. गाडीत थिया म्हणाली, “आई, पेटीतल्या आजोबांचा हात गार होता.”

“ती खोलीच गार आहे, राणी. पूर्वी तिथे दूध ठेवायचे.”

“बाकीच्या भुतांचे हात गरम होते.”

मी आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती चॉकलेटचा कागद सरळ करत होती.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. म्हातारी मंडळी नेहमीसारखी भट्टीवर बोलत होती. आमच्याकडे घर तापवायची भट्टी पहिली कोण लावतो यावर माणसाची किंमत ठरते. सप्टेंबरात लावली तर त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. नोव्हेंबर गाठला तर तो मर्द.

“ऑर्लिननं अजून लावली नाही म्हणे.”

“लावेल कशाला? बर्फात जन्म गेला त्याचा. यंदा तो आपल्या सगळ्यांना झोपवणार.”

“काय हो वाचवा, नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगपर्यंत ओढणार का?”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या ऑर्लिननी कप वर केला. अंगावर जाड कोट होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी बघितलं आणि मनात म्हणाले, चर्चच्या तळघरात तर गरम होतंय.

कॉफी ओतणाऱ्या बाईजवळ मी सहज त्यांचा विषय काढला. ती म्हणाली, “बरा सावरलाय गं. मागच्या महिन्यात आपण होऊन मला म्हणाला, हॉटडिश. मी लगेच करून दिली. पुरुष माणूस तोंडानं मागतो म्हणजे चांगलं लक्षण.”

“मला पोस्टात म्हणाला,” शेजारची म्हणाली. “मी विचारलं, टूना माशाची चालेल का. तर म्हणाला, काहीही चालेल.”

दोघी समाधानानं हसल्या. मला हसता आलं नाही. घरी आले तेव्हा जॅरेड बीटच्या काढणीवर निघत होता. त्या दिवसांत तो ट्रकमध्येच राहतो असं म्हटलं तरी चालेल. मी त्याला सगळं सांगितलं. तो बूट चढवत म्हणाला, “मग तूही कर ना एक. नेऊन दे. तुझ्या जिवाला स्वस्थता नाही तोवर.”

सोमवारी थियाला शाळेत सोडलं आणि गरम हॉटडिश टॉवेलात गुंडाळून मी ऑर्लिनच्या घरी गेले. घंटा वाजत नव्हती. मी दारावर दोनदा ठोकलं.

आत एकदम पावलं वाजली. धावत यावीत तशी. दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडावर काहीतरी होतं, मला पाहताच ते विझलं.

“अगं, तू होय,” ते म्हणाले. “ये, ये. कशाला त्रास घेतलास?”

“त्रास कसला.”

“नको होतं करायला.”

“केलीय आता.”

“बरं, थोडी ठेवून जा,” ते म्हणाले. आमच्याकडे एवढं झाल्याशिवाय कोणी काही घेत नाही.

त्यांनी कोट घातलेला होता. डोक्यावर टोपी. स्वयंपाकघर इतकं आवरलेलं होतं की तिथे कोणी राहत नसावं असं वाटत होतं. कॉफीचं भांडं कोरडं, आत वाळलेला पाण्याचा डाग. चूल पुसलेली. कसलाही वास नाही, ना जेवणाचा, ना कॉफीचा. मी भांडं टेबलावर ठेवलं तेव्हा त्यातून वाफ निघाली, आणि “फ्रीजरमध्ये ठेवू का?” असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडातूनही निघाली.

“जागा असेल तर बघ,” ते म्हणाले.

मी फ्रीजर उघडला. त्यात जागा नव्हती. खालपासून वरपर्यंत भांडी रचलेली होती. काचेची, ॲल्युमिनियमची, निळ्या फुलांची, प्रत्येकावर चंदेरी कागद आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं नाव, भांडं परत मिळावं म्हणून. मार्लिसची दोन. पोस्टातल्या बाईचं एक. खालून तिसरं माझंच, मार्चमधलं. एकाचाही कागद उचकटलेला नव्हता.

मी दार लावलं. घरचा बंब म्हणतात ना मला. पण त्या घटकेला मला अजिबात धावावंसं वाटलं नाही. मी खुर्ची ओढली आणि बसले.

“ऑर्लिन, शनिवारी तुम्ही मला हॉटडिश म्हणालात.”

“हो. आणलीस ना तू.” ते हसले. “सगळेच आणतात. लोक भले आहेत.”

“तुम्हाला खायला नको होतं.”

त्यांनी नजर वळवली. खिडकीबाहेर मेपलची पानं पडून कुंपणापाशी साचली होती. ती कोणी ओढलेली नव्हती. गावभरची पानं ज्यांनी ओढली त्यांच्या अंगणात.

“मग सरळ का नाही सांगितलंत? मदत पाहिजे म्हणून?”

“सांगितलं की,” ते म्हणाले. “कॅफेत बसलो होतो एकदा, उन्हाळ्यात. म्हटलं, अरे, मला वाचवा. तर टेबल बडवून बडवून हसले सगळे. एकजण म्हणाला, अजून ऑक्टोबर लागायचाय.” तेही थोडे हसले. “त्यांची चूक नाही. मीच ते वाक्य इतकी वर्षं विकलं. मग म्हटलं, आर्डिसचा शब्द आहे. तो चालेल. तो खरा आहे.”

“आणि लोकांनी हॉटडिश आणली.”

“टॉट्सवाली,” ते म्हणाले. “जास्त करून.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बघितलं नसल्यासारखं केलं.

“कशातून वाचवायचं तुम्हाला?” मी विचारलं.

त्यांनी टेबलावर हात ठेवला. मोठा, भेगा पडलेला हात. 

“पेटीत ना, मला ऐकू यायचं नाही माणसं आलेली. कान मंद झाले, नांगरगाडीच्या आवाजानं; जवळून बोललेलं, ठोकलेलं तेवढं कळतं. तर आर्डिस खालून दोनदा ठोकायची. की मी उठायचं. घरीसुद्धा तसंच. मी झोपायचो पलीकडे, ती इथे चुलीशी. कॉफी झाली की भिंतीवर दोनदा. की मी उठायचं.” त्यांनी टेबलावर बोटानं हळू वाजवून दाखवलं. “आता पडलं की पडलोच. दुपार होते. कोणासाठी उठायचं तेच सापडत नाही. कधीकधी वाटतं वाजलं. जाऊन बघतो, तर वारा.”

म्हणून ती पावलं. मी दारावर दोनदा ठोकलं होतं.

“आणि भट्टी?”

“ते कॅफेतले समजतात, पैज जिंकायचीय मला.”

“नाही?”

“थंडी मी ओळखतो, पोरी. आपल्याकडची थंडी. ती घरात शिरली ना, की माणसाला काही करावं लागत नाही. नुसतं पडून राहायचं. पडून राहणं तर मला येतं.” हे ते अगदी सरळ म्हणाले, मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं. मग हळूच: “पण मग मी कोणाला तरी तो शब्द बोलून येतो. का बोलतो कळत नाही. बोलतो खरा.”

मी पिशवीतून फोन काढला.  मार्लिसला ऑफिसात फोन लावला.

“हां, बोल गं लवकर,” ती म्हणाली, “काट्यावर ट्रक उभा आहे.”

“मार्लिस, हॉटडिश.”

 मग तिनं एकच विचारलं, “कुठे?”

“ऑर्लिनच्या घरी.”

“आले.”

ट्रक काट्यावर तसाच सोडून ती आली. तिच्या छातीचा भाता होत होता. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिला गारठा लागला. ऑर्लिनचा कोट तिनं पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी नुसता फ्रीजर उघडला. तिनं आपली दोन भांडी ओळखली. शनिवारचं वरच होतं.

“ऑर्लिन,” ती म्हणाली. “दोन आणल्या रे मी तुला.”

“चांगल्या असतील,” ते म्हणाले.

“न खाता कसं कळलं तुला?”

“तुझ्या नेहमी चांगल्या असतात.”

ती त्यांच्यासमोर बसली. माझ्या भांड्याभोवतीचा टॉवेल तिनं सोडला, पुन्हा गुंडाळला. मग ती उठली, कोटाच्या बाह्या वर करत म्हणाली, “चल, भट्टी कुठेय दाखव. लावते मी.”

“तुला नाही लागायची. तिची एक खोड आहे.”

“मग तू लाव. मी बॅटरी धरते.”

ते खाली गेले. मी वर उभी राहून पायऱ्यांवरचे त्यांचे आवाज ऐकत होते. मार्लिस म्हणत होती, “अरे, इकडे नको, तिकडे,” आणि ते म्हणत होते, “तू फक्त बॅटरी धर.” थोड्या वेळानं जमिनीखाली काहीतरी धप्पकन पेटलं, आणि झरोक्यातून वर्षाची पहिली ऊब आली. ती येताना जळक्या धुळीचा वास घेऊन येते. आमच्याकडे तो वास सगळ्यांना आवडतो.

दुसऱ्या दिवशी मार्लिस त्यांना मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते डॉक्टरांना “तसं बरं आहे” एवढंच म्हणाले, तेव्हा हीच सगळं बोलली. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला एका बाईंकडे जाऊन बोलायचं ठरलं. ते दिवस ते मार्लिसकडेच राहिले. तिथे, तिच्या सांगण्यानुसार, ते तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागले. “सुधारतोय,” ती मला फोनवर म्हणाली.

शनिवार जवळ आला तेव्हा प्रश्न निघाला. मार्लिसचं म्हणणं, यंदा पेटीत दुसरं कोणी झोपेल. ऑर्लिन म्हणाले, “मीच झोपणार. पण मागे कोणीतरी पाहिजे.” म्हणून आर्डिसच्या जागेवर मी बसले.

संध्याकाळचा खेळ. दिवे बंद. मी दुधाच्या कॅनवर, त्याच उशीवर बसून होते. बाहेर पडायचं दार कुठे आहे हे मी आधी दोन वेळा चाचपून घेतलं होतं. मग अंधारात पेटीचा तळ हाताला लागला. काळ्या रंगानं खरखरीत होता, पण एका जागी नाण्याएवढा गुळगुळीत. तिथला रंग झिजून गेला होता. कशानं झिजला ते कळायला मला वेळ लागला नाही.

पावलं आली. पोरं कुजबुजत होती, कोणीतरी कोणाला पुढे ढकलत होतं. मी त्या गुळगुळीत जागेवर दोनदा ठोकलं.

काहीच झालं नाही.

मी थांबले. पोरांची कुजबुज बंद झाली. पुन्हा ठोकायचं का? आर्डिस पुन्हा ठोकायची का? हे कोणीच विचारून ठेवलेलं नव्हतं. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. पलीकडे मार्लिस उभी होती, एका हाकेवर. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पेटीची फळी करकरली.

ऑर्लिन हळूहळू उठून बसले. पडद्याच्या फटीतून, पोरांच्या बॅटरीच्या उजेडात, मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. सूट मागून उसवलेला, पिनांनी जोडलेला.

“मला वाचवा,” ते म्हणाले.

पोरं किंचाळली आणि मग खोखो हसली. ती पळून गेल्यावर ऑर्लिननी एक हात मागे आणला आणि पेटीच्या काठावर, पडद्याच्या बाजूला, हळूच दोनदा वाजवलं.

आता जानेवारी आहे. ऑर्लिन आपल्या घरी परतलेत. शाळेच्या वाटेवर आम्ही रोज त्यांच्या खिडकीशी थांबतो. ठोकायचं काम थियाचं. पहिल्या दिवशी तिनं हातमोजा घालून काचेवर मारलं, तर आवाजच झाला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. बाहेर अशी थंडी होती की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठत होतं, आणि उघड्या बोटांचं काय होतं हे मला पाठ आहे. मी म्हणाले, “काढ मोजा.” तिनं काढला, दोनदा ठोकलं, आणि बोटं तोंडात घातली. आत दिवा लागला. खिडकीच्या पडद्याला हात लागला आणि कॉफीच्या भांड्याचा आवाज आला. आम्ही पुढे गेलो.

ऑर्लिनकडे आता माणसं जातात, त्यांची काळजी करू नका. पण तुमच्या रस्त्यावर कोणीतरी असेल, ज्याच्या बोलण्यावर सगळे नेहमी हसतात. किंवा ज्याच्याकडे तुम्ही काही महिन्यांपूर्वी काहीतरी पोचवलंत आणि भांडं अजून परत आलं नाही. हे वाचून झालं की त्याच्याकडे जाऊन या. सोबत काही नेऊ नका. दारावर दोनदा ठोका, हातमोजा काढून, आणि आत पावलं वाजेपर्यंत थांबा.